टेस्टर, मल्टिमीटर आणि वायरमन : घरच्या वीजकामात कोणावर किती भिस्त ठेवावी

स्विच बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे. मेन बंद करायचा, जुना स्विच काढायचा, दोन वायरी नव्या स्विचला लावायच्या, झालं. एवढं जमलं की बरेच जण धरून चालतात की गीझरचं सॉकेट, नवी लाइन, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हीसुद्धा त्याच जातीची कामं आहेत, जरा मोठी इतकंच. इथेच गफलत होते. स्वतः करायचं की वायरमनला बोलवायचं हे ठरवताना आम्ही एकच कसोटी लावतो : काम झाल्यावर ते नीट झालंय हे तुम्ही कशाने पडताळणार? घरातल्या साधनांनी पडताळता येत असेल तर काम तुमचं. त्यासाठी लागणारं यंत्र तुमच्याकडे नसेल तर काम वायरमनचं. आणि ते यंत्र त्याच्याकडेही नसेल, तर तो वायरमन त्या कामाचा नाही.

म्हणून आधी साधनांची पारख, मग सेवेची. सगळे आकडे २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्याचे आहेत. काही देशांत सॉकेट बदलायलाही परवाना लागतो, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या.

टेस्टर

घरोघरी असतो तो निऑन दिव्याचा, स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर. आत एक चिमुकला निऑन दिवा आणि त्याच्याशी सीरिजमध्ये, म्हणजे एकाच रांगेत, जोडलेला साधारण एक मेगाओहमच्या घरातला रेझिस्टर. टोक फेजला (वीज घेऊन येणाऱ्या जिवंत वायरीला) लावून मागच्या टोपीवर बोट ठेवलं की अगदी नगण्य करंट अंगातून जमिनीत जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे तुमचं शरीर हा त्या सर्किटचा एक भाग असतो. कोरड्या लाकडी स्टुलावर, जाड रबरी चपला घालून उभं राहिलात तर दिवा मंद होतो. उजेड जास्त असेल तर पेटलेला दिसतही नाही. त्यामुळे ‘टेस्टर लागला नाही, म्हणजे सप्लाय नाही’ असा निष्कर्ष कधीही काढू नये.

दुसरी अडचण न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटल्यावर कळते. दिवे लागत नाहीत, पंखा फिरत नाही, पण सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. दोन फेज आले की काय, असं वाटतं. बहुतेक वेळा मागे कुठेतरी न्यूट्रल सुटलेला असतो. स्विच चालू राहिलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज पलीकडे येतो, त्याला परतीची वाट मिळत नाही, आणि तुटलेल्या जागेपर्यंतची सगळी न्यूट्रल वायर जिवंत होते. त्या लाइनवरचे सगळे स्विच बंद करा आणि प्लग काढून घ्या. दुसऱ्या भोकातला दिवा विझला तर निदान पक्कं समजा. सगळं बंद पडलंय म्हणजे सप्लाय गेलाय असं समजून न्यूट्रलला हात घालणाऱ्याला शॉक बसतो तो याच वेळी.

थोडक्यात टेस्टर फेज शोधायला ठीक आहे. फेज नाही याची खात्री तो देत नाही, न्यूट्रल आहे का हे सांगत नाही आणि अर्थिंगबद्दल तर काहीच बोलत नाही. त्याने स्क्रू आवळायची सवयही सोडा. दांड्याला तडा गेलेला टेस्टर फेजमध्ये घालणं म्हणजे विषाची परीक्षा.

वायरीला न टेकवता आवाज करणारा पेनसारखा टेस्टर भिंतीवरची जिवंत वायर हुडकायला सोयीचा असतो. पण तो शेजारच्या वायरीमुळे रिकाम्या वायरीवरही वाजतो आणि धातूचं आवरण असलेल्या केबलवर गप्प बसतो. त्याची जागा मदतनिसाची.

मल्टिमीटर

घरात एकच साधन घ्यायचं असेल तर हे घ्या. त्यावर ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’ (CAT III 600V) असं छापलेलं असावं. घराच्या वायरिंगवर आणि डीबीवर (सगळे एमसीबी बसवलेल्या पेटीवर) मोजायला हा दर्जा लागतो. ‘कॅट टू’ हा प्लगला लावायच्या उपकरणांसाठी असतो. प्रोबच्या वायरीही त्याच दर्जाच्या हव्यात. महाग मीटरला स्वस्त प्रोब जोडले तर सगळं मुसळ केरात.

सॉकेटवर तीन रीडिंग घ्यायची. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास. फेज ते अर्थ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ, लोड म्हणजे एखादं उपकरण चालू असताना, काही दशांश ते दोन-तीन व्होल्ट. तिसरं रीडिंग सगळ्यांत बोलकं असतं आणि नेमकं तेच कोणी घेत नाही. त्याच लाइनवर इस्त्री किंवा गीझर चालू असूनही ते शून्यावरून हलत नसेल, तर सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असण्याचा संशय घ्या. अर्थिंगची वायर नसली की काही जण हा तुकडा टाकून मोकळे होतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला की त्या तुकड्यातून फेज थेट फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतो.

आता मल्टिमीटरच्या मर्यादा. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. २३० व्होल्टला तो जेमतेम २३ मायक्रोअँपिअर करंट ओढतो. म्हणून अर्थिंगची वायर गंजून केसाएवढ्या धाग्यावर टिकलेली असली तरी फेज ते अर्थ २३० व्होल्ट छान दिसतात. प्रत्यक्ष दोष झाला की त्याच वायरीतून शेकडो अँपिअर जायला हवेत, आणि ते जाणार नाहीत. अर्थिंग नाही, हे मल्टिमीटर सांगू शकतो. अर्थिंग चांगलं आहे, हे नाही. तीन दिव्यांचा जो प्लगसारखा सॉकेट टेस्टर मिळतो त्यालाही हेच लागू. शिवाय न्यूट्रल आणि अर्थ उलटे लागले असतील तर त्यालाही ते ओळखता येत नाही.

याच कारणाने बंद केलेल्या वायरीवर मीटर कधी ४०, कधी ९० व्होल्ट दाखवतो. शेजारून जाणाऱ्या जिवंत वायरीमुळे आलेला तो नुसता भास असतो. पण भास आहे असं मनाशी ठरवून हात लावू नये. जिथे खऱ्या व्होल्टेजची शंका आहे तिथे शोध पूर्ण होईपर्यंत वायर जिवंतच समजा.

मोजण्याची पद्धत ठरलेली ठेवा. आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर २३० दाखवतोय का बघा, मग बंद केलेल्या जागी मोजा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या मोजणीत शून्य आलं ते सप्लाय नव्हता म्हणून की प्रोबची वायर आतून तुटली म्हणून, हे तिसऱ्या मोजणीशिवाय कळत नाही. आणि करंट मोजून झाला की लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातून लगेच काढा. तो तसाच राहिला आणि कोणी त्याने सॉकेटचे व्होल्ट मोजले, तर मीटर म्हणजे फेज आणि न्यूट्रलमधला थेट शॉर्ट.

सीरिज दिवा

जुन्या वायरमनांचं हे आवडतं साधन आजही उपयोगाचं आहे, पण फक्त उपकरणं तपासायला. १०० वॉटचा तारेचा दिवा उपकरणाशी सीरिजमध्ये जोडला की करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो. इस्त्री शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो, एमसीबी पडत नाही. एलिमेंट तुटलं असेल तर दिवा लागतच नाही. एलईडी दिवा इथे चालत नाही.

याच दिव्याने फेज आणि अर्थमध्ये जोडून अर्थिंग तपासायची एक पद्धत सर्रास दिसते. ती बंद व्हायला हवी. आरसीसीबी (करंटची जमिनीकडे गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर तो पडतोच. नसेल आणि अर्थिंग मध्येच तुटलेलं असेल, तर त्या दिव्यातून आलेला फेज अर्थच्या वायरीवर, म्हणजे घरातल्या त्याच अर्थला जोडलेल्या सगळ्या धातूच्या वस्तूंवर पसरतो. त्या क्षणी कोणी ओल्या हाताने वॉशिंग मशीनला टेकलेलं असेल तर?

स्वतः करण्याजोगी कामं

स्विच, होल्डर, प्लग टॉप, पंख्याचा रेग्युलेटर आणि कपॅसिटर, डोअरबेल. यातल्या प्रत्येक कामाचा निकाल डोळ्यांनी आणि मल्टिमीटरने लागतो, म्हणून ती घरच्या माणसाची.

मेन बंद केला तरी इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर काही लाइन जिवंतच असतात. इन्व्हर्टरचं आउटपुट वेगळं बंद करावं लागतं. जुन्या वायरिंगमध्ये एका लाइनचा न्यूट्रल दुसरीला उसना दिलेला आढळतो. त्यामुळे एकच एमसीबी पाडून काम करण्यापेक्षा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन पाडावा. बोर्ड उघडला की काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. जुन्या घरात हाती लागेल ती वायर ओढलेली असते.

स्विच नेहमी फेजवर हवा. तो न्यूट्रलवर लागला असेल तरी दिवा चालू-बंद होतो, पण स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज उभा असतो. एलईडी दिवा स्विच बंद केल्यावरही मिणमिणत असेल तर हे आधी तपासा. मग स्विचमधला इंडिकेटर, मग लांबलचक समांतर वायरी, अशा क्रमाने पुढे जा.

पंखा हळू झाला, सुरू करायला पात्याला ढकलावं लागतं, ही कपॅसिटर उतरल्याची खूण. छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, ३.१५चाही असतो. जुन्यावर छापलेला आकडाच आणायचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, सहसा ४४० व्होल्ट एसी. वेग वाढेल म्हणून मोठा टाकला तर मोटर तापते. काढण्याआधी त्याची दोन टोकं इन्सुलेशन असलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून तो रिकामा करा. नवा टाकूनही पंखा हळूच असेल तर बेअरिंग किंवा वाइंडिंग, आणि ते घरचं काम राहत नाही. पंखा उतरवणं-चढवणं मात्र दोन माणसांचं काम. बोल्टला स्प्लिट पिन परत घातली आणि वाकवली की नाही, हे खाली उतरण्याआधी बघायचं.

एक सैल स्क्रू

सॉकेट बदलणं हे या दोन गटांच्या सीमेवरचं काम आहे, म्हणून त्यावर जरा थांबू. तीन हजार वॉटचा गीझर १३ अँपिअर ओढतो. त्याच्या सॉकेटमागचा एक स्क्रू अर्धा आटा सैल राहिला आणि तिथे ०.२ ओहमचा रोध तयार झाला, तर १३ गुणिले १३ गुणिले ०.२, म्हणजे जवळपास ३४ वॉट उष्णता त्या एका टोकावर साठते. शिसं वितळवणारा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. म्हणजे बंद बोर्डाच्या आत, प्लॅस्टिकला टेकून, एक सोल्डरिंग आयर्न रोज अर्धा तास चालू आहे असं समजा. आणि एमसीबीला यातलं काहीही कळत नाही, कारण त्याच्यातून जाणारा करंट १३च्या वर गेलेलाच नाही. आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गळती नाही. दोन्ही उत्तम कंपनीचे असले तरी ते शांत राहणार. हा दोष फक्त नाकाला आणि हाताला कळतो : बोर्डाजवळ जळकट, कधी मासळीसारखा वास, प्लगच्या पिनांभोवती तपकिरी डाग, स्विचचं तोंड गरम.

म्हणून वायर लावण्याची रीत महत्त्वाची. टर्मिनलच्या खोलीइतकंच, साधारण आठ ते दहा मिलिमीटर, इन्सुलेशन सोलायचं. ब्लेडने सोलताना दोन-चार तारा तुटल्या तर तेवढं टोक कापून पुन्हा सोला. तुटलेल्या तारांचा वाटा उरलेल्यांवर येतो. बारीक तारांच्या वायरीला पिळ देऊन दुमडा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे दाबून बसवायची फेरूल (धातूची छोटी नळी) लावा. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली देणं टाळाच. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतो आणि काही काळाने स्क्रू सैल होतो. वायरीचा वळसा स्क्रूभोवती घ्यायचा असेल तर आवळण्याच्या दिशेनेच घ्या. शेवटी प्रत्येक वायर हाताने ओढून बघा, नुसतं डोळ्यांनी पाहून चालत नाही.

जळालेलं सॉकेट बदलताना तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापायची. इन्सुलेशन कडक झालं असेल तर अजून मागे. वायर पुरली नाही तर तिथेच थांबून वायरमनला बोलवा, टेप गुंडाळून जोड देऊ नका. प्लग टॉपही सोबत बदला. काळवंडलेल्या पिना नव्या सॉकेटलाही लवकरच जुनं करतात.

वायरमनची कामं

डीबी उघडून करायचं काहीही, नवी लाइन, अर्थिंग, आरसीसीबीचा शोध, ॲल्युमिनियम आणि तांब्याचा जोड, कन्सील्ड म्हणजे भिंतीत पुरलेल्या पाइपातली वायर. थ्री फेज पुरवठ्यात न्यूट्रल सैल झाल्याची शंका आली तर मेन पाडा आणि फोन करा. काही खोल्यांत दिवे मंद, काहींत भलतेच प्रखर, ही त्याची खूण. न्यूट्रल पूर्ण सुटला तर एखाद्या खोलीत व्होल्टेज ४००च्या दिशेने चढतं.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा टाकणं हा मोह घरच्या माणसाला होतो आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही वायरमनांनाही. एमसीबी हा वायरीचा राखणदार आहे, उपकरणाचा नव्हे. प्रमाणित एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर पडल्याशिवाय वाहू देतो आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडतो. १६च्या जागी ३२चा बसवला की ३६ अँपिअर तासभर बिनबोभाट वाहू शकतात. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.००७४ ओहम असतो. १६ अँपिअरला दर मीटरमागे १.९ वॉट उष्णता, ३६ला साडेनऊ वॉट. पाचपट, आणि तीही पाइपात कोंडलेली. इन्सुलेशन आधी कडक होतं, मग तडकतं. ते तपासायला लागतो मेगर : ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र. एक मेगाओहमच्या खाली आलं तर लाइन नापास. मल्टिमीटरचा ओहम रेंज दोन-तीन व्होल्टवर मोजतो, त्याला हा तडा दिसतच नाही.

आरसीसीबीचंही तसंच. ३० मिलिअँपिअरचा चांगला आरसीसीबी १५ ते ३०च्या दरम्यान गळती झाली की पडतो, आणि ३०ला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात. त्यावरचं टेस्टचं बटण फक्त आतली यंत्रणा हलते का तेवढं दाखवतं. किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडतो हे वेगळ्या टेस्टरनेच कळतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाताला लागले तर तो वाचवत नाही, आणि ओव्हरलोडलाही तो पडत नाही.

सेवा कशी पारखावी

कामाला लावण्याआधी एकच विचारा : ‘झाल्यावर तपासणार कशाने?’ मेगर, अर्थ लूप टेस्टर (अर्थिंगच्या वाटेचा रोध मोजणारा), आरसीसीबी टेस्टर यांतलं काय आणणार हे सांगणारा माणूस हवा. सगळ्या घराचा निकाल निऑन टेस्टरवर लावणारा, अर्थिंगचा विषय काढल्यावर ‘त्याची काही गरज नसते’ म्हणणारा, पडणाऱ्या आरसीसीबीला बायपास करून देणारा, यांना चहा पाजून निरोप द्या. चांगला वायरमन मेगर लावण्याआधी एलईडी दिवे, राउटर, टीव्ही काढून ठेवायला सांगतो, कारण ५०० व्होल्ट त्यांना मारक ठरतात. नवी लाइन टाकायची असेल तर उपकरणाचे वॉट आणि डीबीपासूनचं अंतर विचारतो. भिंतीच्या आत जोड ठेवत नाही.

त्याचा वेळ वाचवणं तुमच्या हातात आहे. एमसीबी पडतो की आरसीसीबी, हे नीट बघून सांगा. एमसीबी असेल तर ओव्हरलोड किंवा शॉर्ट, आरसीसीबी असेल तर गळती, आणि दोन्हींचा शोध वेगळ्या वाटेने जातो. सगळे प्लग काढून एकेक लावून बघा, कोणत्या उपकरणावर पडतो ते लिहून ठेवा. पावसात पडतो की रोज, सकाळी गीझरसोबत की रात्री, हेही लिहा. आणि फ्रिज बंद राहील म्हणून त्याला जिवंत लाइनवर काम करायला भाग पाडू नका.

तो निघण्याआधी त्याच्यासोबत डीबीसमोर उभं राहा. एकेक एमसीबी पाडून कुठलं बंद होतं ते बघा आणि पक्क्या शाईने लेबलं लिहून घ्या. मेगरचं रीडिंग आणि आरसीसीबी पडल्याची वेळ वहीत टिपून घ्या. काढलेलं जुनं सॉकेट किंवा एमसीबी मागून घ्या आणि त्याचे स्क्रू निरखून बघा. मग आठवडाभराने गीझर अर्धा तास चालवा, स्विच बंद करून प्लग बाहेर काढा आणि प्लगच्या तोंडावर हाताची पाठ टेकवा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर त्याच माणसाला, त्याच कामासाठी परत बोलवा.